धक्का एक, लाँच अनेक

“अलिबागच्या बाजारात नेटवाल्या चार-चार कंपन्यांच्या पाट्या आहेत. मग आमच्या आळीत एकच वायर का? आणि एकच येणार असेल, तर ती सरकारनंच का टाकली नाही?”

थळमध्ये हा प्रश्न कोणाच्याही तोंडून ऐकू येतो. कॉलेजचा फॉर्म भरताना तिसऱ्यांदा पान अडकलेली मुलगी विचारते, सुकट आणि बोंबील व्हॉट्सॲपवर विकणारी मावशी विचारते, मुंबईची नोकरी गावच्या घरून करू पाहणारा इंजिनिअरही विचारतो. वीज सरकारी कंपनीची, एसटी सरकारी, गावाशेजारचा आरसीएफचा खत कारखानाही सरकारी कंपनीचा. मग नेटचंच काय वेगळं आहे?

खरं तर यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. कंपन्या भरपूर असूनही स्पर्धा का दिसत नाही, हा एक. आणि हे काम सरकारचं की बाजाराचं, हा दुसरा. आपण ते एकेक करून सोडवू.

1. खांदेरीचा दिवा

थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर जवळ उंदेरी आणि तिच्यामागे खांदेरी ही बेटं दिसतात. खांदेरीवर शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये किल्ल्याचं काम सुरू केलं; तिथला दीपस्तंभ 1867 सालचा. रात्री परतणाऱ्या होड्यांना तो आजही वाट दाखवतो.

सार्वजनिक सेवा म्हणजे काय, हे समजावताना अर्थशास्त्राचे शिक्षक जगभर दीपस्तंभाचंच उदाहरण देतात. त्याची कारणं दोन. दिव्याचा उजेड एका होडीला दिला आणि दुसरीला नाकारला, असं करता येत नाही. आणि शंभर होड्यांनी तो पाहिला म्हणून एकशे एकाव्या होडीसाठी उजेड कमी होत नाही. ज्या गोष्टीचे पैसे न देणाऱ्याला अडवता येत नाही, ती विकून कोणी पोट भरणार नाही. म्हणून दिवे सरकार लावतं. (रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञानं 1974 मध्ये दाखवून दिलं की इंग्लंडमध्ये एकेकाळी खासगी दीपस्तंभही चालत आणि बंदरात लागणाऱ्या जहाजांकडून त्यांचा आकार वसूल होई. पण तो आकार घ्यायला बंदर हाताशी होतं म्हणूनच ते जमलं.)

घरातलं नेट तसं नाही. बिल थकलं की ते बंद करता येतं, आणि एकाच वायरीवर माणसं वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. तेव्हा “नेट ही सार्वजनिक वस्तू आहे, म्हणून सरकारनंच द्यावं” हा युक्तिवाद टिकत नाही.

नेट अत्यावश्यक आहे, हे मात्र खरं. पण तांदूळही अत्यावश्यक आहे, आणि तो पिकवतो खासगी शेतकरीच. अत्यावश्यक म्हटलं की कोणी उपाशी राहता कामा नये एवढं ठरतं. शेत कोणी नांगरावं हे त्यातून ठरत नाही. रेशन दुकान आणि सरकारी शेती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

2. एका वायरीवर किती घरं?

पुढे जाण्याआधी घरापर्यंत नेमकं येतं काय, ते पाहू. फायबर म्हणजे केसाएवढी बारीक काचेची तार आणि तिच्यातून धावणारा प्रकाश. केंद्रातून निघालेली अशी एक तार गावातल्या एका छोट्या पेटीत येते आणि तिथून तिचा प्रकाश 32 किंवा 64 घरांत वाटला जातो. सध्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या यंत्रणेत त्या एका तारेतून सेकंदाला सुमारे 2500 मेगाबिट येऊ शकतात.

आता हिशेब करा. 2500 भागिले 64, म्हणजे घरामागे साधारण 39. पण कंपनी प्रत्येकाला 100 चा प्लॅन विकते. 64 घरांना 100 म्हणजे 6400 झाले, आणि हातात आहेत 2500. ही फसवणूक आहे का?

नाही. चांगल्या प्रतीचा एक व्हिडिओ पाहायला 5 मेगाबिट पुरतात. चौसष्टही घरांनी एकदम व्हिडिओ लावले तरी 320 लागतील. सगळे गावकरी एकाच वेळी विहिरीवर येत नाहीत, म्हणून तर एक विहीर गावाला पुरते.

मग रात्री नऊ वाजता चाक फिरत का बसतं? बहुतेक वेळा अडचण आळीतल्या पेटीत नसते, पुढच्या मोठ्या वाटेवर असते. तुमच्या पुरवठादारानं शेकडो घरं जोडली, पण गावातून बाहेर जाणारी वाट अरुंदच विकत घेतली, तर सगळ्यांचीच कोंडी होते. ही काटकसर ग्राहकाच्या डोळ्यांना दिसत नाही. सोडून जायला दुसरा पुरवठादार असला, तर मात्र पहिल्याला ती वाट रुंद करावीच लागते. स्पर्धेचा खरा उपयोग हा आहे. ग्राहकाला जे तपासता येत नाही, ते दुसऱ्याच्या धाकानं नीट राहतं.

3. खोदाईचा हिशेब

आता तो मूळ प्रश्न: दुसरा पुरवठादार येत का नाही?

कारण फायबर स्वस्त आहे आणि खोदाई महाग. रस्ता खणणं, तो पुन्हा बुजवणं, परवानग्या काढणं, खांबांचं भाडं भरणं, हा मोठा खर्च. समजण्यासाठी सोपे आकडे धरू. 1000 घरांच्या गावात वायर फिरवायला 30 लाख रुपये लागतात. एकाच कंपनीनं हे केलं तर घरामागे 3000. पाच वर्षांत वसूल करायचे तर महिन्याला 50 रुपये. आता तीन कंपन्या आल्या, तिघींनी तेच गाव तीनदा खणलं आणि गिऱ्हाईक वाटून घेतलं. प्रत्येकीकडे साधारण 333 घरं. खर्च घरामागे 9000, महिन्याला 150.

म्हणजे गाव तेच, घरं तीच, सेवा तीच. फक्त रस्ता तीनदा खणला म्हणून प्रत्येक घरावर महिन्याला 100 रुपयांचा बोजा वाढला. तिसरी कंपनी हे गणित आधीच मांडते आणि येत नाही. दुसरीही बहुधा येत नाही. अशा धंद्याला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. कोणी कटकारस्थान न करताही तिथे एकच जण उरतो.

महाराष्ट्रानं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. नव्वदच्या दशकात केबल टीव्ही पसरला तेव्हा सरकारचं नियंत्रण जवळजवळ नव्हतंच. केबलचा कायदा 1995 मध्ये झाला. पोरांनी गच्चीवर डिश लावली आणि झाडावरून, खांबावरून, गॅलरीवरून वायरी ओढल्या. इतका मोकळा बाजार आपण क्वचितच पाहिला असेल. आणि तरीही थोड्याच वर्षांत एका गल्लीत एकच केबलवाला उरला. त्याच केबलवाल्यांपैकी अनेक जण आज तुमच्या घरी नेट घेऊन येतात.

तेव्हा “सरकारनं बाजूला व्हावं, बाजार बघून घेईल” हे उत्तरही गावाच्या वेशीवर अडखळतं. दाट वस्तीच्या शहरात तीन कंपन्यांना तीनदा खणणं परवडतं. किहीम-आवासच्या बंगल्यांपर्यंत एखादी कंपनी हौसेनं येईल. कोळीवाड्याच्या अरुंद बोळांत आणि आगरातल्या विखुरलेल्या घरांपर्यंत ती येणार नाही, आणि तिच्या हिशेबानं तिचं बरोबरही असेल.

4. मालक एकच झाला की

मग एकट्या सरकारकडेच सोपवायचं? तेही करून झालं आहे. 1885 च्या तार कायद्यानं तारा टाकण्याचा हक्क केंद्र सरकारकडे ठेवला होता, आणि टेलिफोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेली घरं आजही प्रत्येक गावात सापडतील. सामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 ला आलं, तेही विदेश संचार निगम या एकाच सरकारी कंपनीकडून, मोजक्या मोठ्या शहरांत. खेड्यातल्या माणसाला ते वापरायचं तर आधी त्या शहराला एसटीडी लावावा लागे. 1998 च्या नोव्हेंबरात खासगी कंपन्यांना परवाने खुले झाले आणि मगच दर खाली येऊ लागले.

सरकारी मक्तेदारी विकून टाकली की स्पर्धा आपोआप येते, हा समज मात्र चुकीचा आहे. स्वच्छ रात्री आपल्या किनाऱ्यावरून मुंबईचे दिवे दिसतात. तिथेच, विशेषतः वर्सोव्याच्या बाजूला, भारताला जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या बऱ्याच केबली जमिनीवर येतात. 2002 मध्ये विदेश संचार निगमचा ताबा टाटांकडे गेला आणि त्याबरोबर केबली लागण्याची ठाणीही गेली. दुसऱ्या कंपन्यांना जगाकडे जायचं तर वाट त्या मोजक्या ठाण्यांतूनच होती. तक्रारी होत राहिल्या. शेवटी 2007 मध्ये ट्राय या नियामकानं नियम केला की ठाण्याच्या मालकानं सगळ्यांना सारखी वाट द्यावी, आणि 2012 मध्ये त्या वाटेचे दरही ठरवून दिले. मालक सरकारी होता तेव्हाही अडवणूक होत होती, खासगी झाला तेव्हाही झाली. फरक पडला तो तिसऱ्यानं वाट मोकळी करायला लावली म्हणून.

माझ्या मते या सगळ्या वादातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच आहे: मालक कोण, यापेक्षा वाट सगळ्यांना खुली आहे का, हे आधी विचारावं.

5. 2004 मध्ये हुकलेली संधी

हे आपल्याला वेळेवर सुचलं नव्हतं असं नाही, आणि म्हणूनच पुढची हकिगत मला अस्वस्थ करते.

2004 मध्ये देशात सुमारे चार कोटी घरगुती आणि दुकानांतले फोन होते. त्यांतल्या बहुतेकांच्या तांब्याच्या तारा बीएसएनएल आणि एमटीएनएल या सरकारी कंपन्यांच्या. त्या तारा लोकांच्याच पैशानं, अनेक दशकं खपून, गावोगाव पोहोचल्या होत्या. आणि त्याच तारेवरून ब्रॉडबँड देता येत होतं. नवं खणायची गरजच नव्हती.

ट्रायनं त्या वर्षी शिफारस केली: या तारा इतर कंपन्यांनाही भाड्यानं द्या. तार सरकारची राहील, तिचं भाडं सरकारी कंपनीला मिळेल. तिच्यावरून नेट कोण देतो, यासाठी मात्र दहा जणांत चुरस होऊ द्या. फ्रान्समध्ये हेच चालू होतं. तिथल्या ‘फ्री’ नावाच्या नव्या कंपनीनं 2002 मध्ये जुन्या कंपनीच्या तारा भाड्यानं घेऊन महिना 29.99 युरोत वेगवान नेट आणलं आणि सगळ्या बाजाराला त्या दराच्या आसपास यावं लागलं.

आपल्या सरकारनं ऑक्टोबर 2004 मध्ये ब्रॉडबँड धोरण जाहीर केलं आणि ही शिफारस बाजूला ठेवली. त्यामागची भीती समजण्यासारखी होती. सरकारी कंपन्यांचे फोनग्राहक मोबाइलकडे वळत होते. उरलेली तारही दुसऱ्याला दिली तर त्या बुडतील, असं वाटलं. पण झालं काय? धोरणानं 2010 पर्यंत 2 कोटी ब्रॉडबँड जोडण्यांचं लक्ष्य ठेवलं होतं. 2010 संपताना होत्या 1 कोटी 10 लाखांच्या आसपास. आणि ब्रॉडबँड म्हणजे तरी किती? तेव्हाची व्याख्या होती 256 किलोबिट. आज ती 2 मेगाबिट आहे, आठपट. सरकारी कंपन्या तर वाचल्या नाहीतच. जानेवारी 2020 च्या शेवटी बीएसएनएलचे सुमारे 78 हजार कर्मचारी एकाच योजनेत स्वेच्छानिवृत्त झाले. त्यांच्याबरोबर गावचा लाईनमन गेला, कोणत्या खांबाखाली कोणाचा जोड आहे हे तोंडपाठ असणारा. तांब्याच्या तारा बऱ्याच ठिकाणी जमिनीत पडून राहिल्या.

ती तार तेव्हा भाड्यानं दिली असती, तर तिची देखभाल करायला कारणही उरलं असतं आणि पैसाही.

6. मांडव्याचा धक्का

आता थळहून उत्तरेला, मांडव्याला चला. धक्का एकच, सरकारी, महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या अखत्यारीतला. त्याला लागणाऱ्या लाँच मात्र पीएनपीच्या, मालदारच्या, अजंठाच्या. मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्याहून रो-रोही येते. कोणाची एसी, कोणाची साधी; तिकीट वेगळं, वेळा वेगळ्या. प्रवासी आपल्या सोयीनं निवडतो.

प्रत्येक लाँचवाल्यानं स्वतःचा वेगळा धक्का बांधायचा ठरवला असता तर? एखादाच टिकला असता आणि त्यानं म्हणेल ते भाडं घेतलं असतं. उलट सरकारनंच धक्काही बांधला आणि लाँचही एकट्यानंच चालवली असती, तर वेळापत्रक सुधारायची निकड कोणाला वाटली असती? इथे महाग आणि एकदाच बांधायची गोष्ट सर्वांची आहे. स्वस्त आणि रोज सुधारता येणारी गोष्ट चुरशीची आहे.

नेटलाही हेच लागू करा. चर, नळी, खांब आणि त्यातली न पेटवलेली काच म्हणजे धक्का. त्यातून प्रकाश सोडून ग्राहकाला सेवा देणं म्हणजे लाँच. मघाच्या आपल्या गावात 30 लाखांची वायर एकदाच टाकली आणि जो पुरवठादार येईल त्याच्याकडून घरामागे महिन्याला 50 रुपये भाडं घेतलं, तर तीन पुरवठादार आले तरी रस्ता एकदाच खणलेला असेल.

ही कल्पना कागदावरची नाही. स्वीडनमध्ये स्टॉकहोम शहरानं 1994 मध्ये स्वतःची कंपनी काढली. ती फक्त फायबर टाकते आणि मागेल त्याला भाड्यानं देते. ग्राहकाला नेट विकण्याच्या धंद्यात ती पडली नाही. आपल्याकडे केरळनं जून 2023 मध्ये के-फॉन सुरू केलं. वीज मंडळाच्या खांबांचा आधार घेऊन फायबरचं सरकारी जाळं, आणि 20 लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणीचं उद्दिष्ट. ते उद्दिष्ट गाठायला वेळ लागला आहे, हेही नोंदवलं पाहिजे.

केरळातलंच दुसरं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. तिथल्या छोट्या केबलवाल्यांनी एकत्र येऊन केरळ व्हिजन उभी केली, आणि आज वायरीवरचं ब्रॉडबँड देणाऱ्या देशातल्या पहिल्या पाच कंपन्यांत ती गणली जाते. दूध आणि ऊस सहकारातून उभा करणाऱ्या महाराष्ट्रात केबलवाल्यांचा असा संघ का होऊ नये, याचं पटणारं उत्तर मला सापडलेलं नाही.

7. पंचायतीच्या दारात थांबलेली तार

आता खरी गोष्ट. हा धक्का केंद्र सरकारनं बांधायला घेतला आहे. ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेचा हेतूच हा होता: देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं आणि ते सगळ्या पुरवठादारांना सारख्या अटींवर खुलं ठेवायचं. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट या नावानं राज्यानं घेतलं. पैसा मुख्यतः दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून दरवर्षी बाजूला काढल्या जाणाऱ्या हिश्शाचा. म्हणजे तुम्ही भरता त्या प्रत्येक बिलातला थोडा अंश त्यात आहे.

कल्पना उत्तम होती. पण तार पंचायतीच्या कार्यालयापर्यंत आली आणि थांबली. तिथून घरापर्यंतचं शेवटचं अर्धा-एक किलोमीटर अंतर कोणाचं, हे ठरलंच नव्हतं. अनेक ठिकाणी कपाटातली पेटी वीज गेली की बंद, तार तुटली की महिना-महिना बंद. धक्का बांधला, पण गावातून धक्क्यापर्यंत जायला पाऊलवाट नव्हती. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्रानं योजनेला सुमारे 1 लाख 39 हजार कोटींची नवी मंजुरी दिली आणि ही चूक सुधारायचा प्रयत्न केला. आता गावातल्याच उद्योजकानं घरापर्यंत जोडणी द्यायची, दुरुस्ती बघायची, आणि महसूल त्याच्यात आणि बीएसएनएलमध्ये निम्मा-निम्मा वाटायचा.

या बदलाचं मी मनापासून स्वागत करतो, पण एका अटीवर. गावातला तो उद्योजक एकटाच राहिला, तर आपण पुन्हा एका गल्लीत एक केबलवाला या जुन्या जागी येऊ.

8. वादळानंतर

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ जमिनीवर आलं. पोफळी, माड, विजेचे खांब आडवे झाले, आणि खांबांवर टांगलेल्या सगळ्या वायरीही. जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या गावांत वीज यायला आठवडे लागले. ते टाळेबंदीचे दिवस होते. शाळा फोनवर भरू लागल्या होत्या.

अशा वेळी दाट वस्तीतली वायर आधी जोडली जाते आणि टोकाच्या दहा घरांची शेवटी. कंपनीच्या हिशेबानं त्या दहा घरांची दुरुस्ती नुकसानीचीच असते. हा खर्च समाजानं उचलायला हवा, आणि सरकार इथे हवंच: वायर जमिनीखाली नेण्यासाठी, शेवटच्या घराची हमी देण्यासाठी.

सरकारी कंपनीचाही एक उपयोग आहे. जुलै 2024 मध्ये तिन्ही मोठ्या खासगी मोबाइल कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले. तेव्हा लाखो ग्राहक बीएसएनएलकडे वळले, कारण तिनं वाढवले नव्हते. बाजारात दोन-तीनच खेळाडू उरले की ते न बोलताही एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकतात. अशा वेळी नफ्यापलीकडे पाहणारा एक पर्याय उघडा असणं ग्राहकाच्या फायद्याचं असतं. बीएसएनएल टिकावी असं मला वाटतं ते याच कारणानं. पण ती एकटी असावी, असं मला अजिबात वाटत नाही.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरते. पुढच्या सभेला जा आणि सरपंचांना विचारा: आपल्या पंचायतीत भारतनेटची पेटी आहे का, ती आज चालू आहे का, आणि तिच्यातून घरोघरी नेट द्यायला एकापेक्षा जास्त जणांना वाट मिळणार का? उत्तर तोंडी घेऊ नका. सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या.